मुसाका आणि वांगे : थरांच्या एका पदार्थाचा शब्देतिहास

१. विषयप्रवेश

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील देशांत, विशेषतः ग्रीसमध्ये, मुसाका नावाचा एक पदार्थ प्रसिद्ध आहे. तळलेल्या वांग्यांच्या चकत्या, त्यांवर मसालेदार खिमा, पुन्हा वांगी आणि सर्वांवर दूध, मैदा व अंडे यांच्या दाट पांढऱ्या रसाचा जाड थर, अशी त्याची रचना असते. भट्टीत भाजून घट्ट झाल्यावर त्याच्या वड्या पाडतात. ग्रीसचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून त्याची आज जगभर ख्याती आहे.

मराठीच्या संशोधनपत्रिकेत या पदार्थाचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, मुसाक्यातील थरांची नावे एकेक करून तपासली असता त्यांतील सर्वांत खालचा थर आपल्या भूमीपर्यंत येऊन पोहोचतो, आणि मधल्या थरातील एक शब्द ग्रीक व मराठी या दोन्ही भाषांत आजही नांदत असलेला आढळतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हा पदार्थ ‘शुद्ध’ करण्याचा एक प्रयत्न विसाव्या शतकात झाला. त्या प्रयत्नाचे जे फलित निघाले, ते भाषेतील शुद्धाशुद्धतेचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला बोधप्रद वाटावे असे आहे. नांदगाव खंडेश्वरच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, या प्रश्नाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

२. कृती

पुढील विवेचनाचा आधार म्हणून ग्रीक पद्धतीची प्रचलित कृती प्रथम देतो.

सहा ते आठ माणसांसाठी १ किलो मोठी वांगी, अर्धा किलो मेंढीचा अथवा बकऱ्याचा खिमा, २ मोठे कांदे, ४ टोमॅटो, लसणीच्या २-३ पाकळ्या, दालचिनीचा तुकडा, मिरपूड, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घ्यावे. वांग्यांच्या सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात, त्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवावे व सुटलेले पाणी पुसून घ्यावे. यामुळे कडवटपणा कमी होतो आणि तळताना तेलही कमी शोषले जाते. मग चकत्या दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत तळाव्यात.

कांदा व लसूण तेलात परतून त्यात खिमा घालावा. त्याचा रंग पालटला की चिरलेले टोमॅटो, दालचिनी, मिरपूड व मीठ घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवावे. खिमा ओला राहिल्यास थर एकमेकांवर टिकत नाहीत. म्हणून ही पायरी घाईने उरकू नये. शेवटी दालचिनीचा तुकडा काढून टाकावा.

पांढऱ्या रसासाठी ७५ ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात ७५ ग्रॅम मैदा रंग न बदलू देता परतावा. नंतर ७५० मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे घालीत, गुठळी होऊ न देता ढवळावे. मिश्रण दाट झाल्यावर आचेवरून उतरवून त्यात २ अंड्यांचा पिवळा बलक, किसलेले जायफळ, मीठ आणि मूठभर किसलेले चीज मिसळावे. खोलगट पसरट भांड्यात वांगी, खिमा, वांगी असे थर रचून वर हा रस ओतावा आणि १८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत पाऊण तास, वरचा भाग सोनेरी होईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यानंतर किमान अर्धा तास निवू द्यावे. त्याआधी कापल्यास वडी ढासळते. काही घरांत तळाशी बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांचाही एक थर देतात. बाल्कन प्रदेशात, विशेषतः बल्गेरिया व सर्बिया येथे, वांगी अजिबात न घालता केवळ बटाट्याचा मुसाका करण्याची रीत आहे.

या कृतीतील थर आता तळापासून वर पाहू.

३. तळाचा थर : वांगे

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषांत वांग्याला नाव नाही. ज्या वाङ्मयात कांदा, लसूण, काकडी, कोबी यांचे उल्लेख विपुल येतात, त्यात या फळाला शब्दच नसावा, याचा अर्थ ते फळ त्या काळी तेथे पोहोचले नव्हते. याउलट संस्कृतात त्याला वार्ताक, वृंताक, भंटाकी, वातिंगण अशी अनेक नावे आहेत आणि आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत त्याचे गुणदोष सांगितले आहेत. मराठी वांगे, गुजराती वेंगण, हिंदी बैंगन ही याच कुळातील रूपे होत. तमिळमधील वळुतुणै आणि तेलुगूमधील वंग, वंकाय ही रूपे लक्षात घेता संस्कृत शब्दच मूळ द्राविडी भाषांतून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याला आपण संस्कृत मूळ म्हणून आदराने पाहतो, त्याच्याही खाली आणखी एक थर आहे, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवणे इष्ट होय.

या शब्दाचा पश्चिमेकडील प्रवास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तथापि संक्षेपाने सांगतो. फारसीत त्याचे बादिंगान झाले. ‘व’चा ‘ब’ आणि ‘त’चा ‘द’ हा बदल संस्कृत वात आणि फारसी बाद (वारा) या सजातीय जोडीतही दिसतो. अरबीत बाधिंजान असे रूप सिद्ध झाले आणि सातव्या शतकानंतर अरबांच्या राज्यविस्ताराबरोबर फळ व नाव ही दोन्ही भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत गेली. स्पॅनिशमध्ये बेरेन्हेना, पोर्तुगीजमध्ये बेरिंजेला, अरबी ‘अल्’ हे उपपद चिकटून कातालानमध्ये अल्बेर्जिनिया आणि त्यावरून फ्रेंचमध्ये ओबेर्जिन, तुर्कीत पात्लिजान अशी त्याची रूपांतरे झाली. ग्रीकांनी त्याचे मेलिद्झाना केले. त्यातील आरंभीचा ‘मे’ हा ‘काळा’ या अर्थाच्या मेलास या ग्रीक शब्दाच्या प्रभावाने आला असे मानतात. इटालियन मेलान्झाना या नावाची तर लोकांनी ‘मेला इन्साना’ म्हणजे ‘वेडे फळ’ अशी फोड केली. आपल्याकडे चातुर्मासात वांगे वर्ज्य मानण्याची रूढी आहे. या फळाविषयीचा संशय दोन्हीकडे होता, एवढेच यावरून म्हणता येईल.

पोर्तुगीज लोक गोव्यात आले तेव्हा त्यांच्यासमवेत बेरिंजेला हा शब्दही आला, आणि त्यावरून भारतातील इंग्रजीत ब्रिंजल हे रूप रूढ झाले. इंग्लंडात या फळाला ओबेर्जिन म्हणतात. ब्रिंजल हा शब्द मुख्यतः या देशातला. वातिंगण या शब्दाने निम्मे जग पाहिले आणि तो समुद्रमार्गे घरी परतला. पण घरच्यांनी त्याला ओळखले नाही. आज बियाण्यांच्या पाकिटावर ब्रिंजल असे छापलेले असते आणि शेतकरी त्यालाच वांगे म्हणतो. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत याची जाणीव सहसा कोणाला नसते.

४. मधला थर : खिमा आणि थरांची रीत

वांगे व मांस एकत्र शिजविण्याची रीत बगदादमध्ये फार लवकर प्रतिष्ठित झाली. दहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंतच्या अरबी पाकग्रंथांत मग्मूमा, म्हणजे ‘झाकलेले’, या नावाचा पदार्थ येतो. त्यात मांस, कांदा आणि वांगी यांचे थर रचून शिजवीत असत. टोमॅटो व बटाटा हे १४९२ नंतर अमेरिकेतून आले. त्यामुळे त्यांचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. मुसाक्याची पूर्वपीठिका शोधताना अभ्यासक या मग्मूमाकडे बोट दाखवितात. बगदादच्याच खलिफा अल्-मामूनची बेगम बूरान हिच्याशी वांग्याच्या दुसऱ्या एका पदार्थाचे नाव जोडले जाते. त्यांचा विवाह ८२५ साली झाला. तिच्या नावाचा अवशेष स्पेनमध्ये आल्बोरोनिया या वांग्याच्या भाजीत आणि हैदराबादेत बुराणी या लसूण घातलेल्या दह्याच्या रायत्यात टिकून आहे. नाव एकच असले तरी एका टोकाला वांगी राहिली आणि दुसऱ्या टोकाला दही राहिले.

आता दक्षिणेकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कानडी या भाषा जेथे एकमेकींत मिसळतात असा तो सीमाप्रदेश आहे. मानसोल्लासाच्या अन्नभोग प्रकरणात पूरभट्टाक नावाची पाककृती सांगितली आहे. वांग्याला देठाजवळ छिद्र पाडावे, आतील बी काढून टाकावे, बारीक केलेले मसालेदार कच्चे मांस आत भरावे आणि ते वांगे तेलात शिजवावे, असा तिचा आशय आहे. नावातील ‘पूर’ म्हणजे सारण. बगदादकरांनी थर रचले, कल्याणीकरांनी सारण भरले. द्रव्ये मात्र तीच. या दोहोंत देवाणघेवाण झाली असे मानण्यास आधार नाही. वांगे आतून स्पंजासारखे असल्यामुळे ते मांसाचा रस उत्तम शोषून घेते, आणि ही गोष्ट कोणत्याही देशातील स्वयंपाक्याच्या स्वतंत्रपणे ध्यानात येऊ शकते. रीतीच्या साम्यावरून नाते सिद्ध होत नाही. नाते सिद्ध करावयाचे तर शब्दांचा पुरावा हवा.

तसा पुरावा खिमा या शब्दात मिळतो. तुर्कीत कियमाक् म्हणजे बारीक तोडणे, त्यावरून कियमा. हा शब्द फारसी-उर्दूच्या मार्गाने मराठीत खिमा म्हणून आला आणि उस्मानी राजवटीत ग्रीकमध्ये किमास म्हणून गेला. अथेन्समधील गृहिणी आणि अमरावतीची गृहिणी कसायाकडे एकाच शब्दाने एकच वस्तू मागतात. दालचिनीचे उदाहरणही असेच बोलके आहे. फारसी दारचीनी, म्हणजे ‘चिनी लाकूड’, यावरून मराठीत दालचिनी आणि तुर्कीत तार्चिन हे शब्द आले. ग्रीकांनी मात्र आपला कानेला हा शब्द इटालियन व्यापाऱ्यांकडून घेतला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खिमा हा शब्द परका असला, तरी बारीक केलेले मांस वांग्यात भरण्याची कृती बाराव्या शतकात दख्खनमध्ये परिचित होती, हे आपण नुकतेच पाहिले. म्हणजे वस्तू आधीची आणि शब्द नंतरचा. याउलट तेल हा शब्द पाहा. तिळापासून निघते ते तैल, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे जवस, करडई, सरकी यांपासून निघणाऱ्या द्रवालाही आपण तेलच म्हणू लागलो. युरोपातील लॅटिन ओलेउम आणि त्यापासून निघालेले शब्द मूळ ऑलिव्हवाचक. तेही पुढे सर्व तेलांना लागू झाले. येथे शब्द जुना आणि वस्तू नवी. उसना शब्द आढळला की वस्तूही उसनी, किंवा देशी शब्द आढळला की वस्तूही देशी, असे अनुमान काढणे धोक्याचे असते. शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास स्वतंत्रपणे लिहून मगच ते शेजारी ठेवले पाहिजेत.

५. नाव आणि वरचा थर

मुसाका हे नाव अरबी मुसक्कआ यावरून, तुर्की मुसाक्काच्या मार्गाने ग्रीकमध्ये आले. ‘थंड केलेले’ असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगतात. ‘रसाने भिजविलेले’ अशा दुसऱ्या अर्थाकडेही काहींचा कल आहे. पहिल्या अर्थाला प्रत्यक्ष व्यवहाराची पुष्टी मिळते. पूर्वेकडील अरब देशांत या नावाचा वांगी-टोमॅटोचा पदार्थ पुष्कळदा निववूनच खातात. तुर्कस्तानात त्याच नावाच्या पदार्थात खिमा असतो, तथापि तो थरांचा नसून रस्सेदार असतो आणि भाताबरोबर वाढतात. पांढऱ्या रसाचे आच्छादन या दोन्ही ठिकाणी नाही.

ते आच्छादन ग्रीसमध्ये आले त्याचे श्रेय सर्वसामान्यतः निकोलाओस त्सेलेमेन्तेस (१८७८–१९५८) या पाकशास्त्रज्ञाला दिले जाते. १९२० च्या दशकात त्याच्या पाकग्रंथाला एवढी लोकप्रियता लाभली की, ग्रीकमध्ये त्सेलेमेन्तेस हा शब्दच ‘पाकपुस्तक’ या अर्थी रूढ झाला. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९२२ साली आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा पराभव झाला आणि १९२३ च्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. तुर्की असे जे जे होते ते टाकून द्यावे, ही भावना प्रबळ होती. ग्रीक स्वयंपाक तुर्की मसाल्यांनी बिघडला आहे आणि फ्रेंच पाककलेचे मूळ प्राचीन ग्रीसमध्येच असल्यामुळे तिचा स्वीकार म्हणजे स्वत्वाकडे परतणे होय, अशी त्सेलेमेन्तेसची धारणा होती. म्हणून त्याने मसाले कमी केले आणि चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या बेशामेल नावाच्या अधिकाऱ्यावरून ओळखला जाणारा पांढरा रस मुसाक्यावर ओतला.

परिणाम काय झाला? तुर्की थर निघाला नाही. त्यावर फ्रेंच थर चढला. पदार्थाचे नाव अरबी, त्यातील मांसाचे नाव तुर्की, वांगे भारतातले, टोमॅटो अमेरिकेतला आणि वरचा रस फ्रेंच. आणि याच पदार्थाला जग आज ग्रीक म्हणून ओळखते. ते ओळखणे चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या समाजाने हे सर्व थर एका भांड्यात रचले, त्याचाच तो पदार्थ होय. चूक होती ती थर काढून टाकल्याने मूळ हाती लागेल या समजुतीत.

६. वऱ्हाडचे उदाहरण

मराठीत शुद्धीकरणाची परंपरा जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले असून, त्यात खाद्यपेयादी पदार्थांचा भोग्यवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. स्वराज्याच्या कारभाराला स्वतःची परिभाषा असावी हा त्यामागील हेतू होता आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु दरबाराची परिभाषा आज्ञेने बदलता येते, तशी चुलीजवळची भाषा बदलत नाही. दालचिनी, खिमा, मैदा, शिरा हे शब्द राहिलेच.

आता नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील स्वयंपाकघरात डोकावू. या गावी खंडेश्वराचे यादवकालीन देवालय आहे. ते शिवाचे होय. खंडोबाची उपासना वेगळी, आणि तिच्यात मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवितात. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे अनेक घरांत याच दिवशी पुन्हा ताटात येते. वऱ्हाडातील रोडग्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. कणकेच्या तेल लावलेल्या लहान पाऱ्या एकावर एक ठेवून त्या मोठ्या पारीत बंद करतात आणि तो गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. फोडल्यावर आतले पदर सुटे होतात; त्यांवर तूप ओतून वांग्याच्या भाजीबरोबर खातात. थर रचणे, भाजणे आणि वांग्याची संगत या तिन्ही गोष्टी येथे आहेत. म्हणून त्याचे मुसाक्याशी नाते जोडण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे, कारण शब्दांचा कोणताही दुवा येथे नाही.

वांग्याच्या याच भाजीतील इतर शब्द पाहा. तिच्यात आलू असतात, भेदरे असतात आणि वरून सांभार भुरभुरतात. शाळेत गेलेल्या मुलाने हे शब्द लिहिले की ते अशुद्ध ठरतात आणि त्यांच्या जागी बटाटा, टोमॅटो व कोथिंबीर लिहावयास सांगितले जाते. परंतु बटाटा हा पोर्तुगीजांनी आणलेला, मूळ अमेरिकेतील कॅरिबियन बेटांवरचा शब्द. आणि आलू हा खाद्य कंदाला असलेल्या संस्कृत नावाचा वंशज, जो हिंदीच्या संगतीने वऱ्हाडात नव्या कंदाला लावला गेला. टोमॅटो हा मेक्सिकोतील नावात्ल भाषेतला शब्द. भेदरे म्हणणाऱ्यांनी त्याच परक्या फळाला आपले नाव दिले. कोथिंबीर ही संस्कृत कुस्तुंबरीची लेक खरी. पण सांभार या शब्दाचा संबंध ‘सामग्री, मसाल्याचे साहित्य’ या अर्थाच्या संस्कृत संभार शब्दाशी दिसतो. म्हणजे मूळाच्या कसोटीवर पाहिले तर ज्याला आपण गावंढळ म्हणतो तो शब्द पुष्कळदा अधिक जुना, आणि ज्याला प्रमाण म्हणतो तोच दूरवरून आलेला. यावरून बटाटा हा शब्द टाकावा असे मात्र सुचवावयाचे नाही. तो आता पूर्णपणे मराठी आहे. प्रमाणभाषेची गरजही कोणी नाकारीत नाही. पण प्रमाण ठरते ते व्यवहाराच्या सोयीने. त्याला शुद्धतेचे नाव देऊन दुसऱ्या बोलीला हिणविण्यास इतिहासाचा आधार नाही.

७. उपसंहार

थर ही संज्ञा भाषाशास्त्रात नवीन नाही. एका भाषेखाली दबलेल्या भाषेचा अधःस्तर आणि तिच्यावर आलेल्या सत्तेच्या भाषेचा अधिस्तर यांचा विचार आपण अभ्यासक्रमात करतोच. मुसाक्याच्या उदाहरणावरून एवढेच स्पष्ट होते की, कोणत्याही क्षणी दिसणारा वरचा थर हा सर्वांत नवा असतो आणि बहुधा त्यालाच ‘अस्सल’ म्हणून मान मिळतो. वऱ्हाडवर इमादशाही, मोगल, भोसले, निजाम आणि इंग्रज यांची सत्ता येऊन गेली. १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. यातील प्रत्येक राजवटीचा ठसा येथील चुलीजवळच्या शब्दांत सापडण्याचा संभव आहे.

तो शोधण्याची साधने थोडीफार आहेत. अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथील गोविंदप्रभूंचे चरित्र व इतर महानुभाव गद्य यांत तेराव्या शतकातील खाद्यपदार्थांची नावे मोकळेपणाने येतात. १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाने वऱ्हाडी शब्द खूण करून नोंदले. परंतु कोशकारांना शब्द बहुधा सुटा मिळतो. तो कोणत्या कृतीत, कोणत्या भांड्यासंबंधी, कोणत्या सणाला वापरतात हे त्यात येत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्या वृद्ध स्त्रिया आज गावोगावी आहेत, आणि त्यांच्या नाती आलूला बटाटा म्हणू लागल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एका तरी पदार्थाची संपूर्ण कृती करणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत, उच्चारासह उतरवून घ्यावी आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा माग काढावा. काम लहान दिसते. परंतु वांग्यासारख्या एका शब्दाने आपल्याला स्पेनपर्यंत नेऊन परत आणले. जे शब्द अद्याप नोंदलेच गेले नाहीत, त्यांनी कोणता प्रवास केला आहे हे त्यांची नोंद झाल्यावाचून कळणार नाही.